डोमकावळ्याची पत्रे

काही वर्षांपूर्वी येथील फिल्म सोसायटीच्या एका खेळाला आम्ही गेलो होतो. चित्रपट फ्रेंच, १९४३ सालचा, काळा-पांढरा. खेळापूर्वी वाटलेल्या कागदावर 'युद्धकालीन फ्रान्समधील एक गाजलेली कलाकृती' एवढेच छापलेले होते. खेळ संपून दिवे लागले तेव्हा शेजारी बसलेले एक वयस्क गृहस्थ आमच्याकडे वळून म्हणाले, "सगळे पाहिले, पण यात युद्ध कोठे आहे हो?" प्रश्न रास्त होता. दीड तासाच्या त्या चित्रपटात एकही जर्मन शिपाई दिसत नाही, एकही बंदूक झडत नाही, रेशनची रांग नाही की विमानांची घरघर नाही. एक लहानसे गाव, तेथील इस्पितळ, शाळा आणि चर्च, आणि घरोघर येऊन पडणारी निनावी पत्रे, एवढाच सारा पसारा. त्या वेळी आम्ही काहीतरी थातुरमातुर उत्तर देऊन सुटका करून घेतली. पुढे त्या चित्रपटाची हकीकत मिळेल तेथून वाचीत गेलो, तेव्हा ध्यानात आले की त्या गृहस्थांचा प्रश्न खुद्द फ्रान्समध्येही निराळ्या शब्दांत विचारला गेला होता, आणि त्याच्या उत्तरापायी काही माणसांचा धंदा बंद झाला होता.

चित्रपटाचे नाव 'ल कोर्बो'. दिग्दर्शक आंरी-जॉर्ज क्लुझो. 'कोर्बो' म्हणजे डोमकावळा. आपल्याकडे कावळा अगदीच अशुभ मानलेला नाही. तो अंगणात ओरडला तर पाहुणा येणार म्हणून घरची बाई आधणात मूठभर दाणे अधिक टाकते, आणि पिंडाला शिवला तर गेलेला जीव तृप्त झाला असे आपण समजतो. फ्रेंचांच्या कोर्बोच्या वाट्याला असे भाग्य आलेले नाही. काळा झगा घालणाऱ्या पाद्र्याला तेथे टवाळीने हेच नाव देत. आणि या चित्रपटानंतर तर निनावी पत्रे लिहिणाऱ्या माणसाला फ्रेंच भाषेत 'कोर्बो' हाच शब्द रूढ झाला. पोलीस तो वापरतात, वर्तमानपत्रे वापरतात. एखाद्या चित्रपटाने भाषेला असा कायमचा शब्द द्यावा, हे क्वचितच घडते.

कथानक थोडक्यात सांगितले पाहिजे. सँ-रोबँ हे गाव कल्पित आहे, आणि ते येथले असेल वा आणखी कोठलेही, असे आरंभीच पडद्यावर सुचविलेले आहे. डॉक्टर जेर्मँ हा बाहेरून आलेला, अबोल, काहीसा तुटक माणूस. त्याला एक पत्र येते. खाली सही 'डोमकावळा'. आरोप दोन: तो चोरून गर्भपात करतो, आणि मनोरुग्णांचे वृद्ध डॉक्टर व्होर्झे यांची तरुण पत्नी लोरा हिच्याशी त्याचे संबंध आहेत. मग हळूहळू गावातल्या प्रत्येक प्रतिष्ठिताला त्याचे त्याचे पत्र येऊ लागते. इस्पितळातील तेरा क्रमांकाच्या खाटेवरील तरुण रुग्णाला कोणी कळविते की तुझा रोग कर्करोग आहे आणि तू वाचणार नाहीस. तो वस्तऱ्याने आपला गळा कापून घेतो. त्याच्या अंत्ययात्रेत शववाहिकेवरील फुलांतून आणखी एक पत्र रस्त्यावर पडते, आणि मागून येणारी पावले त्याला चुकवीत जात राहतात. लोकांचा संशय मारी कोर्बँ नावाच्या परिचारिकेवर जातो. बाई तोंडाची फटकळ, कोणाला न आवडणारी. एवढा पुरावा जमावाला पुरतो. काळ्या पोशाखात ती ओस पडलेल्या गल्ल्यांतून धावत सुटते. जमाव पडद्यावर दिसत नाही, केवळ त्याचा गलका वाढत जातो. ती घरी पोचते तो खोलीची नासधूस झालेली असते. तिला अटक होते. गाव सुटकेचा निःश्वास टाकते; आणि एका रविवारी चर्चमध्ये, प्रवचन चालू असता, वरच्या सज्जातून एक कागद गिरक्या घेत सावकाश खाली येतो.

ही कथा कोणा लेखकाच्या डोक्यातून निघालेली नव्हती. ती घडलेली होती, आणि ती जर्मन येण्यापूर्वी वीस वर्षे घडलेली होती. पुढील साऱ्या वादाची मेख येथेच आहे. म्हणून तिच्यापाशी थोडे रेंगाळणे भाग आहे.

मध्य फ्रान्समध्ये कोरेझ नदीच्या अरुंद खोऱ्यात त्यूल नावाचे गाव आहे. दोन्ही बाजूंच्या उतारांवर एकावर एक रचल्यासारखी घरे, खाली नदी, मध्ये कॅथीड्रलचा उंच मनोरा. जाळीदार तलम कापडाला 'ट्यूल' हे नाव याच गावावरून पडले. शस्त्रांचा कारखाना आणि जिल्ह्याची सरकारी कचेरी, जिला तेथे प्रीफेक्चर म्हणतात, यांवर गावाचा बराचसा भाग जगे. १९१७ च्या अखेरीस या कचेरीतील माणसांना निनावी पत्रे येऊ लागली. पहिले महायुद्ध चालू होते. तरुण पुरुष आघाडीवर गेले होते आणि त्यांच्या रिकाम्या खुर्च्यांवर बायका बसून कारकुनी करीत होत्या. पत्रे छापील वळणाच्या मोठ्या अक्षरांत असत. कोणाचा नवरा रात्री कोठे जातो, कोणाची बायको कोणाला भेटते, कोणाचे मूल खरे कोणाचे, असा मजकूर. आणि भाषा अशी ओंगळ की वाचणाऱ्याने हात धुवावेत. टपालानेच ती येत असे नाही. खिडकीच्या कठड्यावर, चर्चच्या बाकावर, रस्त्याच्या कडेला ती सापडत. चार वर्षांत शंभराहून अधिक पत्रे निघाली. काहींखाली सही होती 'वाघाचा डोळा'.

लहान गावात अशा पत्राचे काम कसे चालते हे ज्याने पाहिले आहे त्याला अधिक सांगावयास नको. ज्याला पत्र येते तो ते लपवितो, आणि लपविल्यामुळेच त्याची चर्या बदलते. ती बदललेली चर्या पाहून शेजारी ओळखतो की यालाही आले. मग ज्याला अद्याप आले नाही त्याच्यावर संशय, कारण पत्रे लिहिणारा स्वतःला कशाला लिहील? (त्यूलच्या लेखिकेने हे ओळखले होते, पत्रांतून तिने स्वतःचीही निंदा केली.) दुकानात बोलणे बंद होते, चर्चच्या पायऱ्यांवर लोक रेंगाळेनासे होतात, नवरा बायकोच्या हस्ताक्षराकडे निरखून पाहू लागतो. प्रीफेक्चरातील एका माणसाच्या मनात आपली पत्नीच ही पत्रे लिहिते असे भरविले गेले. तो भ्रमिष्ट होऊन १९२१ साली मरण पावला. या मरणानंतर मात्र प्रकरण हसण्यावारी नेण्याजोगे राहिले नाही. पॅरिसचे वार्ताहर गाडीने येऊन उतरले, आणि त्यूलची लाज साऱ्या देशाच्या न्याहारीच्या टेबलावर गेली.

ल्यों येथील पोलिसांच्या प्रयोगशाळेचा संस्थापक एदमों लोकार याला १९२२ च्या जानेवारीत पाचारण करण्यात आले. त्याने संशयित स्त्रियांना बसवून, शाळेतल्या मुलांना घालावे तसे, शुद्धलेखन घातले. युक्ती साधी होती. अक्षर बदलून लिहिणाऱ्याचा हात घटकाभर जपून चालतो. पाने भरत गेली की तो थकतो आणि आपल्या मूळ वळणावर येतो. आंजेल लावाल नावाची प्रीफेक्चरातील एक अविवाहित कारकून बाई एकेका अक्षरावर अडखळू लागली, लिहिलेले पुन्हा गिरवू लागली. लोकार मजकूर सांगत राहिला. अखेर तिच्या हातून ते वळण उतरले.

उलगडा असा झाला की, आपल्या वरिष्ठावर तिचे मन बसले होते आणि त्याने दुसरीशी लग्न केले. एवढ्या एका दुःखासाठी सारे गाव वेठीस धरले गेले होते. निकाल लागण्यापूर्वीच आई व मुलगी दोघी गावाबाहेरच्या तळ्यावर जीव द्यावयास गेल्या. आई बुडाली, मुलगी वाचली. डिसेंबर १९२२ मध्ये खटला चालला. शिक्षा झाली ती एक महिन्याची कैद, तीही स्थगित, आणि थोडासा दंड. न्यायालयात काळ्या सुतकी कपड्यांत अंग चोरून बसलेल्या त्या ठेंगण्या बाईला पाहून एका वार्ताहराला पंख मिटून बसलेल्या पाखराची आठवण झाली. डोमकावळ्याचे बीज ते हेच, असे म्हणतात.

या प्रकरणावरून लुई शावांस याने पटकथा लिहिली आणि १९३७ साली लेखकांच्या संघाकडे तिची नोंद केली. तिला निर्माता मिळेपर्यंत फ्रान्सचा पाडाव झालेला होता.

जून १९४० मध्ये शस्त्रसंधी झाला. उत्तरेचा अर्धा देश जर्मनांच्या ताब्यात, दक्षिणेत व्हिशी येथे मार्शल पेतँचे सरकार. त्याच साली पॅरिसमध्ये 'कॉन्तिनांताल' नावाची चित्रसंस्था निघाली. तिचे भांडवल जर्मन, तिचा मुख्य आल्फ्रेड ग्रेव्हन जर्मन, आणि तिचे दिग्दर्शक, नट, तंत्रज्ञ, भाषा, सारे फ्रेंच. मुक्तीपर्यंत तिने तीस चित्रपट काढले. विचित्र गोष्ट अशी की, जर्मनांच्या मालकीची असल्यामुळेच व्हिशीच्या सोवळ्या सेन्सॉरची तिला फारशी धास्ती नव्हती. जे फ्रेंच निर्मात्याला दाखविता आले नसते ते येथे दाखविता येई. तिच्या पगारावर सर्व प्रकारची माणसे होती. ज्यू पित्याचा मुलगा आणि गुप्तपणे प्रतिकारात काम करणारा झाँ-पॉल ल शानोआ हा पटकथालेखकही त्यांत होता. क्लुझो तेथे पटकथा विभागाचा प्रमुख झाला, १९४२ साली त्याने आपला पहिला मोठा चित्रपट केला, आणि मग शावांसची ती जुनी पटकथा हाती घेतली. चित्रण झाले पॅरिसजवळच्या मोंफोर-लामोरी या गावात. सप्टेंबर १९४३ च्या अखेरीस चित्रपट लागला. लोकांनी गर्दी केली.

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे वळू. १९४३ सालच्या फ्रेंच प्रेक्षकाला यात युद्ध दिसले असेल काय? आमच्या मते त्याला दुसरे काही दिसणे शक्यच नव्हते.

त्यूलमध्ये पत्रावर पत्ता असे तो शेजाऱ्याचा. पत्राने अब्रू जाई, संसार मोडे, एखादा भ्रमिष्ट होई. परंतु पत्राच्या पाठीशी कोणतीही सत्ता नव्हती. १९४० नंतर पत्ता बदलला. आता पत्र जाऊ लागले जर्मन कमांडंटच्या कचेरीत, फ्रेंच पोलीसठाण्यात, प्रीफेक्चरात, मार्च १९४१ पासून ज्यूंच्या प्रश्नासाठी निघालेल्या खास सरकारी खात्यात. 'ओ पिलोरी'सारखी वृत्तपत्रे असली पत्रे मागवीत आणि छापीतही. अमक्या मजल्यावरील बिऱ्हाडकरू ज्यू आहे. समोरचा खाटिक चोरून मांस विकतो. तमक्याचा मुलगा जर्मनीतील सक्तीच्या कामावर न जाता मामाच्या शेतावर दडला आहे. वरच्या मजल्यावर रात्री लंडनचा रेडिओ लागतो. जुलै १९४२ च्या १६ व १७ तारखांना पॅरिसमध्ये फ्रेंच पोलिसांनी तेरा हजारांच्या आसपास ज्यू बायका-पुरुष-मुले पकडली, ती कचेरीतल्या नोंदींवरून. तीतून निसटून जे माळ्यावर, तळघरात, मोलकरणीच्या खोलीत लपले, त्यांच्यापर्यंत पोलिसांना पोचविले ते अनेकदा शेजाऱ्यांच्या पत्रांनी. अशा पत्रांचा एकूण आकडा तीस ते पन्नास लाख असा पुष्कळ दिवस सांगितला जात असे. अलीकडच्या संशोधकांनी दप्तरे चाळून तो फार फुगविलेला ठरविला आहे, आणि त्यांचे म्हणणे आम्हांस पटते. पण आकडा उतरला म्हणून पत्रांची जात बदलत नाही. दप्तरांत सापडलेल्या पत्रांत राजकीय श्रद्धेने लिहिलेली पुष्कळ आहेत. तशीच भाड्याच्या तंट्यावरून, दुकानाच्या चुरशीवरून, वारसाहक्कावरून, सोडून गेलेल्या नवऱ्यावरच्या रागाने लिहिलेलीही आहेत. म्हणजे कारणे त्यूलचीच. नवीन होती ती केवळ पत्र घेणारी खिडकी.

खुद्द कॉन्तिनांतालच्या छायेतच याचा एक बळी होता. आरी बोर हा त्या काळचा फ्रान्समधील अग्रगण्य नट. कॉन्तिनांतालच्या अगदी आरंभीच्या चित्रपटात त्याने काम केलेले होते. तो ज्यू असल्याची चहाडी झाली. मे १९४२ मध्ये गेस्टापोने त्याला पकडले, काही महिने ठेवून छळले आणि सोडले. एप्रिल १९४३ मध्ये तो वारला. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत त्याच संस्थेचा हा चित्रपट पॅरिसच्या पडद्यावर होता.

आणखी एक धागा आजच्या प्रेक्षकाच्या नजरेतून सहज सुटतो. डॉक्टर जेर्मँवरील पहिला आरोप गर्भपाताचा आहे. फेब्रुवारी १९४२ च्या कायद्याने व्हिशी सरकारने गर्भपात हा राज्याविरुद्धचा गुन्हा ठरविला होता. ३० जुलै १९४३ रोजी मारी-लुईझ जिरो नावाच्या, शेरबूर भागातील एका स्त्रीला या गुन्ह्यासाठी गिलोटिनखाली मारण्यात आले. त्यानंतर दोन महिन्यांनी चित्रगृहातील अंधारात बसलेल्या माणसांनी पडद्यावर ते पत्र उघडलेले पाहिले. तो आरोप आम्हांस कुटाळकीचा विषय वाटतो. त्यांना तो मरणाचा वाटला असणार.

म्हणून या चित्रपटावर सर्वांनीच राग धरला याचे नवल वाटत नाही. चर्चने तो वर्ज्य ठरविला. घर, कष्ट आणि मायभूमी यांचा जप करणाऱ्या व्हिशीला असे गाव पडद्यावर नकोच होते. त्यात आई पवित्र नव्हती, डॉक्टर उदार नव्हता, शाळेतली पोर निरागस नव्हती. क्लुझो तर चित्रपट लागण्याच्या सुमारासच कॉन्तिनांताल सोडून बाहेर पडलेला होता. सर्वांत जहाल हल्ला मात्र आला तो प्रतिकारकांच्या बाजूने. मार्च १९४४ मध्ये, 'ले लेत्र फ्रांसेझ' या गुप्तपणे छापल्या जाणाऱ्या पत्राला जोडून निघणाऱ्या 'लेक्रां फ्रांसे'त एक लेख आला; डोमकावळ्याची पिसे उपटल्याचा मथळा होता. लेखाचा आशय असा की, फ्रेंच माणूस सडलेला आहे हे जगाला दाखवावे ही शत्रूची इच्छा या चित्रपटाने पुरी केली. तुलनेसाठी ग्रेमियोंचा त्याच वर्षीचा 'ल स्येल ए आ व्हू' पुढे केला गेला. त्यात अशाच एका लहान गावातील गॅरेजवाल्याची बायको विमान चालविण्याचा विक्रम करते. खरा फ्रान्स तो, असे म्हणणे होते. गंमत अशी की, त्याच चित्रपटाची व्हिशीच्या गोटातही वाहवा झाली. सद्गुणी गाव सर्वांनाच हवे असते.

याच्या जोडीला एक बातमी पसरली. जर्मन लोक 'ल कोर्बो' आपल्या देशात दाखवीत आहेत, आणि तोही फ्रेंच लहान गाव कसे असते ते पाहा अशा अर्थाच्या नावाने! बातमी तोंडोतोंडी फिरली, छापली गेली, आणि मुक्तीनंतर आरोपपत्राचा जणू भागच झाली. ती खोटी होती. चित्रपट त्या काळी जर्मनीत दाखविला गेलाच नव्हता.

येथे आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. निनावी पत्रांविषयीच्या चित्रपटाला दोषी ठरविले ते सही नसलेल्या एका लेखाने आणि कोणी न तपासलेल्या एका अफवेने, असे म्हणून टाळी घेणे सोपे आहे. पुष्कळांनी घेतलीही आहे. पण ते न्यायाचे होणार नाही. त्या लेखाखाली सही नव्हती, कारण सही केली असती तर लिहिणारा भिंतीसमोर उभा राहिला असता. प्रतिकाराचे सारे कामच टोपणनावांवर चाललेले होते. निनावीपणा हा स्वतः पाप नाही. बलवानाविरुद्ध बोलताना तो दुबळ्याचे चिलखत असतो, आणि डोमकावळा तेच चिलखत घालून दुबळ्यावर तुटून पडतो. आम्ही संस्थानी गावात वाढलेली माणसे. दरबारात जाणारे निनावी अर्ज या दोन्ही जातींचे असत हे वडिलांच्या पिढीकडून ऐकलेले आहे. कोणता अर्ज अन्यायाने गांजलेल्या शेतकऱ्याचा आणि कोणता बढती चुकलेल्या कारकुनाचा, हे कागदावरून ओळखता येत नसे. असो. लेख लिहिणाऱ्यांना दोष द्यावयाचाच तर तो सही न केल्याचा देता येणार नाही. ऐकीव गोष्ट खरी धरून चालल्याचा देता येईल.

हा फरक मुक्तीनंतर उघडा पडला. आता भिंतीसमोर कोणी उभे करणार नव्हते, नावाने बोलता येत होते, पुरावा मागता येत होता. गुप्त लेखाच्या कर्त्यांपैकी एक म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो पिएर ब्लांशार हा नट चित्रपटसृष्टीच्या मुक्तिसमितीचा अध्यक्ष झाला होता. फिर्याद आणि न्यायासन फार जवळ आले होते. चित्रपटावर बंदी आली. क्लुझोला दिग्दर्शनाची आजन्म मनाई करण्यात आली. नायकाचे काम करणारा पिएर फ्रेने काही आठवडे तुरुंगात राहिला. लंगड्या देनीझचे काम करणारी जिनेत लक्लेर वर्षभर. सार्त्र, कॉक्तो, रने क्लेर, मार्सेल कार्ने यांच्यासारख्यांनी क्लुझोची बाजू उचलून धरली. पुढे शिक्षा दोन वर्षांवर आली, १९४७ मध्ये चित्रपटही मोकळा झाला, आणि त्याच साली क्लुझोने 'के देझ ओर्फेव्र' करून व्हेनिसला दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळविले.

क्लुझो निर्दोष होता असे आम्हांस म्हणावयाचे नाही. तो जर्मन पगारावर होता, आणि ते दिवस असे होते की काहींनी तो पगार नाकारून उपास काढले. त्याचा जाब त्याला विचारणे योग्यच होते. आमचे म्हणणे एवढेच की, जाब त्याच्या नोकरीचा विचारावयास हवा होता. विचारला गेला तो चित्रपटाचा. चित्रपटाने जे सांगितले ते ऐकण्याच्या मनःस्थितीत १९४४ चा फ्रान्स नव्हता. सारा देश एकमुखाने लढला, विश्वासघात केला तो मूठभरांनी, अशी एक समजूत तेव्हा आकार घेत होती. मोडलेले राष्ट्र पुन्हा उभे करण्यासाठी तिची गरजही असेल. तिला हा चित्रपट सोसण्यासारखा नव्हता, कारण त्यातील पत्रे फ्रेंच हातांनी, फ्रेंच शाईने, चांगल्या घरांत बसून लिहिलेली आहेत. आणि त्या कथेचे मूळ १९१७ चे असल्यामुळे, हे जर्मनांनी आम्हांला शिकविले, असेही म्हणण्याची सोय नव्हती.

मारी कोर्बँची ती पळापळ आठवा. ते दृश्य १९४३ मध्ये चित्रित झाले. पुढच्याच वर्षी, १९४४ च्या उन्हाळ्यात, मुक्त झालेल्या गावागावांतून जर्मनांशी संबंध ठेवल्याच्या आरोपावरून स्त्रियांची मुंडने करून त्यांच्या धिंडी निघाल्या. अशा वीसेक हजार स्त्रिया होत्या. काही दोषी होत्या, काही नव्हत्या. नवी कचेरी उघडताच पत्रे तिकडे जाऊ लागली होती. काल ज्यूला दाखवून देणारे आज शत्रूच्या साथीदाराला दाखवून देत होते.

चित्रपटाच्या मध्याला एक प्रसंग आहे, आणि त्याचे वर्णन केल्यावाचून राहवत नाही. अठरा संशयितांना शाळेच्या वर्गात बसवून शुद्धलेखन घालण्यात येते. लोकारच्या त्या परीक्षेचीच ही नक्कल. फरक एक आहे, आणि तो भयंकर आहे. हस्ताक्षरतज्ज्ञ म्हणून मजकूर घालणारा वृद्ध व्होर्झे हाच पुढे डोमकावळा ठरतो. तास लोटतात, बोटे आखडतात, देनीझ घेरी येऊन पडते. मग रिकाम्या वर्गात व्होर्झे आणि जेर्मँ दोघेच उरतात. म्हातारा वर टांगलेल्या दिव्याला एक झोका देतो. दिवा हेलकावतो, त्याबरोबर उजेड आणि सावली दोघांच्या तोंडांवरून, भिंतीवरून, पृथ्वीच्या गोलावरून आलटून पालटून फिरू लागतात. चांगले म्हणजे उजेड आणि वाईट म्हणजे अंधार, इतके सोपे तुम्हांला वाटते. मग आता सांगा, अंधार संपतो कोठे? जेर्मँ तो दिवा थांबवावयास हात पुढे करतो आणि बोटे भाजून घेतो.

यात एक धूर्तपणा आहे, आणि तो ओळखलेला बरा. हे तत्त्वज्ञान ज्याच्या तोंडी घातले आहे तोच गुन्हेगार आहे. सगळेच थोडे काळे, सगळेच थोडे पांढरे, असे म्हटले की डोमकावळा गर्दीत सहज मिसळून जातो. मुक्तीनंतरच्या काळात असला युक्तिवाद अनेकांच्या कामी आला असता. क्लुझो व्होर्झेशी सहमत आहे असे पुष्कळ टीकाकार धरून चालतात. आम्हांस तसे वाटत नाही. तो दिवा झुलता ठेवतो हे खरे, पण जळलेली बोटेही दाखवितो. पत्रांचा आरंभ लोराने केला, त्यांची चटक व्होर्झेला लागली, एक पत्र देनीझनेही लिहिले. हात अनेक होते हे चित्रपट सांगतो, आणि तरीही तेरा क्रमांकाच्या रुग्णाचे मरण कोणाच्या माथी ते विसरत नाही. त्या रुग्णाची आई अखेरीस त्याच वस्तऱ्याने व्होर्झेचा गळा चिरते. तो टेबलावर पालथा पडलेला, समोर अर्धवट लिहिलेले शेवटचे पत्र. खिडकीतून दिसते, काळ्या बुरख्यातील ती म्हातारी भर उन्हात रस्त्याने सावकाश निघून जात आहे. जवळच मुले खेळत आहेत. न्याय झाला की आणखी एक खून झाला, हे जेर्मँला कळत नाही. आम्हांसही कळले नाही.

त्यूलची हकीकत मात्र चित्रपटाबरोबर संपत नाही. ७ जून १९४४ रोजी प्रतिकारकांनी त्या गावावर हल्ला करून ते जवळजवळ मुक्त केले. दुसऱ्या दिवशी जर्मनांची 'दास राइश' ही एस. एस. डिव्हिजन तेथे येऊन थडकली. ९ तारखेला गावातील पुरुषांना शस्त्रांच्या कारखान्यात गोळा करण्यात आले, त्यांतून माणसे निवडण्यात आली, आणि ९९ जणांना रस्त्याकडेच्या सज्जांना व दिव्यांच्या खांबांना फाशी देण्यात आले. आणखी १४९ जणांना दाखाउच्या छावणीत पाठविण्यात आले; त्यांतील १०१ परत आले नाहीत. ज्या गावाच्या ओंगळ पत्रांवरून फ्रान्सची बदनामी करणारा चित्रपट निघाला असे गुप्त पत्रांतून लिहिले जात होते, त्याच गावाने तीन महिन्यांनी प्रतिकाराची ही किंमत मोजली. तेच रस्ते, त्याच खिडक्यांचे कठडे. गावांना आपण एक स्वभाव चिकटवितो. त्यूलला कोणता चिकटवावा हे आम्हांस ठरविता आलेले नाही.

आंजेल लावाल त्या दिवशी हयात होती. खटल्यानंतर काही काळ रुग्णालयात काढून ती त्यूललाच परतली होती, आणि अखेरपर्यंत, १९६७ पर्यंत, तेथेच राहिली. चित्रपट आला, बंद झाला, पुन्हा आला. भाषेत एक शब्द नवा झाला. ती कॅथीड्रलजवळच्या चढणीवरील आपल्या घरात, कोणाशी न बोलता, राहत होती.